वजन जास्त असताना आणि संकोच वाटत असताना व्यायामाची सुरुवात कशी करावी

वजन जास्त असलेल्या माणसाला व्यायाम सुरू करताना दोन अडचणी एकाच वेळी येतात. एक शरीराची असते: धाप लवकर लागते, गुडघे कुरकुरतात, मांड्या एकमेकींवर घासतात. दुसरी मनाची असते: कोणी पाहील का, हसेल का, या कपड्यांत आपण कसे दिसू. पहिलीवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसरीवर मात्र ‘लाज सोडा’ एवढाच सल्ला मिळतो आणि तो देणाऱ्याला ती लाज बहुधा कधी वाटलेली नसते. म्हणून या लेखात एकच नियम धरला आहे. शरीराला जेवढे झेपते आणि मनाला जेवढे पेलवते, त्या दोहोंत जे कमी असेल तेथून सुरुवात करावी. पाय वीस मिनिटे चालू शकत असतील, पण चारचौघांत पाच मिनिटांतच अवघडल्यासारखे होत असेल, तर सध्या पाच मिनिटेच खरी मानावीत.

धाप लागते म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याचेही कारण नाही. चालायला लागणारी ऊर्जा साधारणपणे वजनाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्त्यावर, त्याच वेगाने आणि तेवढाच वेळ चालले, तरी १०० किलो वजनाच्या शरीराला ६० किलो वजनाच्या शरीरापेक्षा दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. शेजारून सहज पुढे निघून जाणारा माणूस तुमच्यापेक्षा कमी काम करत असतो, हे लक्षात ठेवावे.

पहिली पायरी: डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारावेत

सावकाश चालण्यासाठी बहुतेकांना तपासण्यांची लांब यादी लागत नाही. मात्र छातीत दाब किंवा दुखणे, बसल्या जागी धाप, चक्कर, शुद्ध हरपणे यांपैकी काही होत असेल, हृदयविकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा इन्सुलिनचे प्रमाण वाढवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामामुळे साखर एकदम खाली येऊ शकते. अशा व्यक्तींनी औषधाची मात्रा आणि वेळ यांबद्दल विचारून घ्यावे आणि चालताना खिशात साखर ठेवावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर घरी आल्यावर तळवे रोज पाहावेत, कारण बूट लागल्याचे कळतच नाही. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर प्रकारच्या औषधांनी नाडीचे ठोके दबलेले राहतात, त्यामुळे मनगटी घड्याळावरचा आकडा पाहून किती श्रम होत आहेत हे ठरवू नये.

दवाखान्यात गेल्यावर कोणत्याही तक्रारीचे उत्तर ‘वजन कमी करा’ असेच मिळते, हा पुष्कळांचा अनुभव आहे आणि त्यामुळेच अनेक जण तिकडे जायचे टाळतात. यावर एक साधा उपाय आहे. तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: कोणत्या हालचाली टाळू, कोणते लक्षण दिसताच थांबू आणि औषधांच्या वेळेत बदल करावा लागेल का. प्रश्न नेमके असले की उत्तरेही नेमकी मिळण्याची शक्यता वाढते.

दुसरी पायरी: बूट आणि कपडे

खरेदी फार नको, पण बूट चांगले हवेत. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी आणि बूट रुंदीलाही पुरेसा असावा. मांड्या घासून कातडी सोलली जाणे हे व्यायाम सुटण्याचे एक मोठे, पण कोणी मोकळेपणाने न बोलले जाणारे कारण आहे. गुडघ्यापर्यंत येणारी घट्ट, घाम शोषून लवकर वाळणारी अर्धी विजार आतून घालावी, किंवा निघण्यापूर्वी मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. काखेत आणि स्तनांखालीही तो उपयोगी पडतो. स्त्रियांनी भक्कम आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घेतली, तर खांदे आणि पाठ यांवरचा ताण कमी होतो आणि संकोचही बराच ओसरतो.

कपडे आजच्या मापाचे घ्यावेत. ‘वजन उतरले की बसतील’ म्हणून एक माप लहान घेतलेला शर्ट चालताना सारखा वर सरकतो, तो खाली ओढण्यात सगळे लक्ष जाते आणि नेमका जो संकोच टाळायचा असतो तोच वाढतो.

तिसरी पायरी: जागा आणि वेळ निवडावी

पहिला आठवडा घरातच गेला तरी हरकत नाही. नंतर बाहेर पडताना घराभोवतीची छोटी फेरी निवडावी. सरळ रस्त्याने जितके लांब जावे तितकेच परत यावे लागते आणि दमलेल्या पायांना तो परतीचा रस्ता जड जातो. फेरीत मात्र घर कधीच फार दूर नसते. वाटेत बसायला जागा कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे. सोबती हवा असेल तर तो तुमच्या चालीने चालणारा असावा. दर मिनिटाला पुढे जाऊन थांबणारा उत्साही मित्र सोबतीला नसलेलाच बरा.

लोक आपल्याकडे पाहतात ही भावना पूर्णपणे खोटी नसते, पण ती वाढीव असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, त्यांच्या दृष्टीने लाजिरवाणा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले गेले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांनी ते चित्र ओळखले असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साधारण पाव हिश्श्याच्याच ध्यानात आले होते.

उरतो तो पाव हिस्सा, आणि त्यातला एखादा बोलूनही दाखवतो. त्याच्यासाठी एक वाक्य आधीच ठरवून ठेवावे, उदाहरणार्थ ‘हो, आता रोज निघतो’, आणि चालणे चालू ठेवावे. वाद घालण्याची गरज नाही, खुलासा देण्याचीही नाही. तीच व्यक्ती रोज त्रास देत असेल तर वेळ किंवा रस्ता बदलण्यात कमीपणा नाही. आपल्याला चालायचे आहे, कोणाला जिंकायचे नाही.

चौथी पायरी: पहिला महिना

पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालावे आणि आणखी चालता आले असते असे वाटत असतानाच थांबावे. हे दिसायला सोपे असले तरी बहुतेकांकडून नेमके येथेच चुकते. पहिल्या दिवसाच्या उत्साहात पाऊण तास चालून होते, दोन दिवस अंग ठणकते आणि तिसऱ्या दिवशी बूट कपाटात जातात.

वेग ठरवण्यासाठी यंत्राची गरज नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी धाप म्हणजे मध्यम श्रम. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. पहिले दोन आठवडे आरामात गाणे म्हणता येईल इतके हळू चालले तरी चालेल.

वाढ करताना आधी दिवस वाढवावेत, मग मिनिटे आणि सर्वांत शेवटी वेग. आठवड्यातून तीन दिवसांपासून निघून पाच दिवसांवर यावे. त्यानंतर दर आठवड्याला फेरीत दोन-तीन मिनिटे घालावीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम सुचवते, पण तो पल्ला गाठायला काही महिने लागले तरी बिघडत नाही. याच संघटनेच्या २०१० सालच्या शिफारशींत सलग किमान दहा मिनिटांची अट होती, ती २०२० साली काढून टाकण्यात आली. त्यामुळे सकाळी पाच, दुपारी पाच आणि रात्री पाच मिनिटे चालणे हा व्यायामच आहे. जेवणानंतरच्या अशा छोट्या फेरीने रक्तातील साखरेची चढही कमी होते. रोज दहा हजार पावलांच्या आकड्याने मात्र दडपून जाऊ नये. तो १९६०च्या दशकात जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकामुळे रूढ झाला; वैद्यकीय संशोधनातून ठरलेली ती किमान मर्यादा नव्हे.

पाचवी पायरी: खुर्चीच्या मदतीने ताकद

आठवड्यातून दोन दिवस, सलग नव्हेत असे, स्नायूंसाठी राखावेत. जमिनीवरच्या व्यायामांनी आरंभ करू नये. खाली बसून पुन्हा उठणे हेच ज्यांना अवघड जाते, त्यांचा धीर तेथेच खचतो. खुर्ची पुरेशी आहे. ती चाकांची किंवा घडीची नसावी, आपले वजन निश्चितपणे पेलणारी असावी आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे. पावले कमरेच्या रुंदीएवढ्या अंतरावर ठेवून टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात. छाती पुढे झुकवत नाक पायाच्या बोटांच्या वर आणावे, टाचांनी जमीन दाबत श्वास सोडावा आणि उभे राहावे. बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश खाली यावे. धपकन अंग टाकू नये, कारण खाली येतानाही मांडीचे स्नायू तेवढेच काम करत असतात. उठणे जड जात असेल तर बैठकीवर टणक उशी ठेवून उंची वाढवावी किंवा हातांनी दांड्यांचा आधार घ्यावा. पाच वेळा करून एखादे मिनिट विश्रांती घ्यावी आणि पुन्हा पाच वेळा करावे. श्वास कोठेही रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

याला भिंतीवरच्या जोरांची जोड द्यावी: हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि ढकलून परत यावे. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे हा तिसरा प्रकार. आरंभी एवढे तीन पुरे.

गुडघे दुखत असतील तर

पाण्यात कमरेपर्यंत उभे राहिल्यास पायांवर येणारा भार सुमारे निम्मा होतो आणि छातीपर्यंत पाण्यात तो सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून पोहता येत नसले तरी उथळ तलावात नुसते चालणे हा गुडघ्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. अडचण असते ती कपडे बदलून काठापर्यंत जाण्याची. गर्दी नसलेली वेळ आधी विचारून घ्यावी, अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख वापरावा आणि टॉवेल अगदी पायऱ्यांपर्यंत सोबत न्यावा. हे नको असेल तर पाठीला टेका असलेली व्यायामाची सायकल वापरावी. जिने उतरण्याचा व्यायाम मात्र लांबणीवर टाकावा, कारण चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांची अधिक तक्रार होते.

दुखण्यादुखण्यांतही फरक असतो. व्यायामानंतर एक ते तीन दिवस दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच ठणकत असतील तर ते नव्या श्रमांचे दुखणे असते आणि हलक्या चालण्याने ते उतरते. एकाच सांध्यात टोचणारी कळ, सूज किंवा लंगडायला लावणारे दुखणे असेल तर दोन-तीन दिवस थांबावे, आणि तरीही राहिले तर दाखवावे. छातीत दुखणे, जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काही जाणवल्यास जागच्या जागी थांबून लगेच वैद्यकीय मदत मागवावी.

वजनकाट्याकडे किती पाहावे

पहिले दोन महिने शक्यतो पाहूच नये, असे माझे मत आहे. खाण्यात बदल न करता केवळ हलक्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही आणि काटा हलला नाही म्हणून माणसे चालणे सोडून देतात. पण रक्तदाब, साखर, झोप आणि मनःस्थिती वजन न उतरताही सुधारू शकतात. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. नंतर गणवेशांच्या मापांवरून चालकांचे कंबरेचे घेर मोठे असल्याचेही आढळले. तरीही कंडक्टर सडपातळ असो की स्थूल, त्याचा फायदा टिकून राहत होता.

काट्याऐवजी वहीत काही साध्या गोष्टी टिपाव्यात: किती मिनिटे चालणे झाले, बोलता येत होते का, बुटाची नाडी बांधताना श्वास कोंडला का, एका दमात खुर्चीतून किती वेळा उठता आले.

खंड पडला तर

तो पडणारच. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण व्यक्तीनुसार हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष अडथळा आला नाही. एक-दोन दिवस गेले तर मागची भरपाई म्हणून दुप्पट चालू नये, नेहमीची फेरीच घ्यावी. आठवडाभर किंवा त्याहून अधिक खंड पडला तर शेवटच्या फेरीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी. ताप येऊन गेला असेल, तर तो पूर्ण उतरल्यावर आणि घरातल्या घरात चालताना थकवा जाणवेनासा झाल्यावरच पुन्हा बूट चढवावेत.