६० दिवसांच्या आतल्या बाळाला ताप: रक्ताचे रिपोर्ट कसे वाचावेत

गुदद्वारातून मोजलेला ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त भरला, की ‘हवा बदलली’ म्हणून सोडायचं नाही. घरी ताप होता आणि दवाखान्यात उतरला, तरी तो धरायचाच.

आधी बाळाकडे बघा. अंगावर दूध ओढत नाही, मलूल आहे, धापा टाकतंय, असं असेल तर रिपोर्टची वाट न बघता दाखल करा. २१ दिवसांपर्यंतचं बाळ चांगलं दिसलं तरी रक्त, लघवी आणि पाठीच्या पाण्याचं (मणक्यातून काढलेल्या द्रवाचं) कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का याची तपासणी, घेऊन अँटिबायोटिक सुरू करायचं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून घरी पाठवायचं नाही. २२ ते २८ दिवसांत रिपोर्टचा थोडा आधार मिळतो. खरा उपयोग २९ ते ६० दिवसांच्या, चांगल्या दिसणाऱ्या बाळात.

प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी ही जंतुसंसर्गात रक्तात वाढणारी प्रथिनं, न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. प्रोकॅल्सिटोनिन ०.५ नॅनोग्रॅम/मिलीपेक्षा जास्त, सीआरपी २० मिलिग्रॅम/लिटर किंवा जास्त, न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ४,००० च्या वर: यातलं एकही असेल तर गंभीर जंतुसंसर्गाचा धोका धरा. प्रोकॅल्सिटोनिन होत नसेल, तर न्यूट्रोफिलची मर्यादा ५,२०० आणि ३८.५ सेल्सिअसच्या वरचा ताप हीसुद्धा धोक्याची खूण. न्यूट्रोफिलची टक्केवारी नव्हे, आकडा काढा: एकूण पांढऱ्या पेशी १२,०००, न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे ४,८००. नुसत्या एकूण पांढऱ्या पेशींवर विसंबू नका.

फसगत होते ती वेळेत. प्रोकॅल्सिटोनिन चार-सहा तासांत चढतं, सीआरपीला त्याहून उशीर लागतो. ताप येऊन तीनच तास झाले असताना आलेला ‘सीआरपी ४’ काहीच सांगत नाही. एककही बघा: २ मिलिग्रॅम/डेसिलिटर म्हणजे २० मिलिग्रॅम/लिटर. दीड महिन्याच्या लसीनंतरही ताप येतो, सीआरपी वाढतो. तरी लघवी तपासाच. ती कॅथेटरने (मूत्रमार्गात घातलेल्या बारीक नळीने) घ्या, पिशवीतल्या नमुन्याचं कल्चर भरवशाचं नसतं. रक्ताच्या कल्चरला किमान १ मिली, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी.

महिना उलटलेल्या बाळाचं सगळं नॉर्मल आलं, तर पाठीचं पाणी न काढता, अँटिबायोटिक न देता घरी सोडता येतं, पण २४ तासांत पुन्हा दाखवायच्या बोलीवर. गगनबावड्याकडून आलेल्यांना रात्री परतणं जमणार नसेल, तर ठेवून घेतलेलं बरं.

कोल्हापूरला पाठवताना चिठ्ठीत ताप कधी सुरू झाला, नमुना किती वाजता घेतला, डोस दिला का, हे लिहा. आकडाही लिहूनच द्या; फोनवर ‘सीआरपी’ म्हटलं की इथं हमखास ‘सीपीआर’ (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) ऐकू येतं!