कॅम्परच्या टपावरील सौर पॅनेलची वायरिंग

साताऱ्याहून निघालेली कॅम्पर एकाच दिवसात महाबळेश्वरच्या पावसातून माण-खटावच्या रखरखीत उन्हात पोहोचू शकते, आणि वाटेत घाटातले हादरे असतातच. त्यामुळे घराच्या गच्चीवर चालून जाणारी वायरिंग गाडीच्या टपावर टिकेलच असे नाही. वीज बंद पडते तेव्हा दोष बहुधा पॅनेलमध्ये नसतो, तो सांध्यांत असतो.

२०० वॉटचे १२ व्होल्टचे एक पॅनेल, २० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज घेऊन बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारे उपकरण) आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असा संच धरू. कडक उन्हात पॅनेल साधारण १८ ते २० व्होल्टवर १० ते ११ अँपिअर देते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे ५ मिलिओहम असतो. म्हणजे कंट्रोलर पाच मीटरवर असेल, तर जाण्यायेण्याच्या दहा मीटर तारेत अर्धा व्होल्ट जातो आणि तेवढे चालते. कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत मात्र व्होल्टेज कमी आणि प्रवाह १५ अँपिअरच्या आसपास असल्यामुळे तेथे ६ चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी आणि अंतर मीटरभरात ठेवावे. टपावर सोलर डीसी केबलच वापरावी, कारण घरगुती वायरचे आवरण उन्हाने तडकते.

पॅनेल टपाला चिकटून बसवू नये. खाली दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळती राहिली नाही, तर पॅनेल तापून वीज घटते. केबल आत घेण्यासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला आधी गंजरोधक प्रायमर लावावा, मग केबल ग्लँड (केबल घट्ट धरून पाणी अडवणारी तोटी) बसवून भोवती पॉलियुरेथेन सीलंट भरावे. ग्लँडचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे, म्हणजे धावत्या गाडीवर पाऊस सरळ त्यात घुसत नाही, आणि केबलला ग्लँडआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकून जाते. टपावर केबल दर फूटभर अंतरावर क्लिपने घट्ट धरावी.

तारा पिळून टेप गुंडाळण्याचा मोह मलाही झाला होता. पावसाळा सरेपर्यंत त्या सांध्यातील तांबे हिरवे पडले होते. एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे खटके) आणि लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) योग्य पकडीनेच क्रिंप करावेत, म्हणजे तारेवर दाबून बसवावेत, व प्रत्येक सांधा ओढून पाहावा.

जोडणीचा क्रम चुकवू नये. पॅनेल उजेडात असेपर्यंत जिवंतच असते, म्हणून काम होईपर्यंत ते जाड गोधडीने झाकावे. प्रथम कंट्रोलर बॅटरीला जोडावा, कारण अनेक कंट्रोलर १२ की २४ व्होल्ट हे बॅटरीवरूनच ओळखतात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत २५ अँपिअरचा फ्यूज हवाच. त्यानंतर कंट्रोलरमध्ये लिथियमचे सेटिंग निवडावे, पॅनेलच्या तारांचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मल्टिमीटरने तपासावे आणि मगच पॅनेल जोडावे. सोडवताना क्रम उलटा. प्रवाह चालू असताना एमसी-४ ओढून काढू नये. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसी येत नाही, त्यामुळे पडलेली ठिणगी विझण्याऐवजी ताणली जाते. पॅनेलच्या वाटेवर डीसीसाठीच बनवलेला एमसीबी (प्रवाह वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) असलेला बरा.

दुसरे पॅनेल वाढवायचे असल्यास आणि गाडी झाडाखाली उभी राहण्याची सवय असल्यास दोन्ही पॅनेल समांतर जोडावीत, म्हणजे एकावर सावली पडली तरी दुसरे काम करत राहते. मात्र प्रवाह दुप्पट होतो, त्यामुळे केबल आणि कंट्रोलर दोन्ही पुन्हा हिशेब करून निवडावे लागतात.

पहिल्या मुक्कामाला, बामणोलीला म्हणा, पोहोचल्यावर ऊन असतानाच फ्यूजहोल्डर आणि लगांना वरच्या आवरणावरून हात लावून पाहावा. त्यांपैकी एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर तो सांधा सैल आहे. पॅनेल आणि बॅटरी दोन्हींची जोडणी सोडवून तो त्याच दिवशी पुन्हा क्रिंप करावा.