लाकडी सांगाड्याच्या घराचा पाया : मोजमाप नेमके कोणत्या रेषेपासून?

ज्यांनी लाकडी सांगाड्याचे घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे ठरवले आहे, जमिनीची तपासणी करून घेतली आहे आणि पट्टीचा पाया, राफ्ट की पाइल हे अभियंत्याशी बोलून पक्के केले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पायाचे प्रकार कुठेही वाचायला मिळतात. मला खरा त्रास झाला तो त्याच्या पुढच्या टप्प्यावर, आणि ते दिवस आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

विटांच्या बांधकामात जोत्यातली थोडीफार कसर वर जाता जाता मिटते, कारण गवंडी मसाल्याचा थर कुठे जाड तर कुठे पातळ धरून ओळ सरळ करून घेतो. लाकडी सांगाड्याला ही सोय नाही. तो मिलिमीटरच्या हिशेबाने कापून तयार होऊन येतो आणि जोत्याचा प्रत्येक दोष कोपऱ्यांमधून थेट छपरापर्यंत चढतो. तळपट्टीची, म्हणजे जोत्यावर आडव्या बसणाऱ्या आणि खांबांना खालून आधार देणाऱ्या लाकडाची, पातळी साधारणपणे अधिक-उणे ५ मिमीच्या आत मागितली जाते. तुमचा सांगाडा बनवणारा किती फरक चालवून घेतो, ते काम सुरू होण्यापूर्वी लेखी घ्या आणि तोच कागद पाया घालणाऱ्या ठेकेदाराच्या कराराला जोडा. ‘नंतर पॅकिंग (तळपट्टीखाली सरकवायच्या पातळ चकत्या) घालून घेऊ’ असे जो पहिल्याच भेटीत म्हणतो, त्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅकिंग हा उरलेल्या चार-पाच मिलिमीटरांचा उपाय आहे, बेफिकिरीचा परवाना नव्हे.

आता मला ज्या सापळ्याने पकडले, त्याविषयी. नकाशावर ‘बाहेरची लांबी १२ मीटर’ असे लिहिलेले असते आणि सगळे माना डोलावतात. परंतु वास्तुरचनाकाराच्या लेखी ते माप बाहेरच्या फळ्यांच्या दर्शनी पृष्ठभागापर्यंतचे असते, सांगाडा बनवणाऱ्याच्या लेखी उभ्या खांबांच्या बाहेरच्या बाजूपर्यंतचे, आणि पाया घालणाऱ्याच्या लेखी काँक्रीटच्या कडेपर्यंतचे. फळ्या, त्यामागच्या हवेच्या पोकळीच्या पट्ट्या आणि सांगाड्यावरचा बोर्ड मिळून एका बाजूला ६० मिमी होतात असे धरले, तर फळ्यांपर्यंतच्या १२ मीटरच्या घराचा सांगाडा प्रत्यक्षात ११.८८ मीटरचा असतो. जोते मात्र १२ मीटरचे घातले, तर फळ्यांचा पृष्ठभाग जोत्याच्या कडेशी समपातळीत येतो आणि सांगाड्याच्या बाहेर चहूबाजूंनी ६० मिमीची काँक्रीटची पायरी उरते. फळ्यांवरून ओघळणारे पावसाचे पाणी जोत्यापलीकडे न पडता त्या पायरीवर शिरते आणि तळपट्टीकडे सरकते. उलट जोते लहान पडले, तर तळपट्टी अधांतरी बाहेर डोकावते आणि खांबांचा भार कडेवर येतो. आमच्या दोन्ही नकाशांवर आकडा एकच होता. तो कुठून कुठपर्यंतचा, हे दोन्हींवर नव्हते. खोदाई झाली, शटरिंग उभे राहिले, आणि मग सांगाड्याचे तपशीलवार नकाशे हाती आले. दोन बाजूंचे शटरिंग काढून पुन्हा उभारावे लागले. काँक्रीट ओतले गेले नव्हते, हे नशीब.

म्हणून एकच काम आधी करा. घराच्या एका कोपऱ्याचा उभा छेद प्लायवूडच्या तुकड्यावर खऱ्या मापात काढा : फळी, पट्टी, बोर्ड, खांब, तळपट्टी, डीपीसी (जोत्यातली ओल वर चढू न देणारा थर) आणि जोत्याची कड. सर्वांत खालची फळी जोत्याच्या कडेपुढे किती येते आणि तिचे पाणी नेमके कुठे ठिबकते, तेही दाखवा. तळपट्टीची बाहेरची कड हीच सर्वांची मूळ रेषा ठरवा आणि उरलेले प्रत्येक माप तिच्यापासून द्या. वास्तुरचनाकार, अभियंता, सांगाडा बनवणारा आणि ठेकेदार या चौघांच्याही सह्या त्या प्लायवूडवर घ्या. हे थोडे अति वाटेल, परंतु नकाशा न उघडता बोलणारी माणसे खऱ्या मापाच्या चित्रासमोर थांबतात आणि प्रश्न विचारू लागतात.

आखणीत कर्ण मोजायला कोणी विसरत नाही. पण समोरासमोरच्या बाजू समान आहेत याची खात्री न करता नुसते कर्ण जुळवले, तर काटकोन सिद्ध होत नाही. १२ बाय ९ मीटरच्या आयताचा कर्ण बरोबर १५ मीटर येतो. एक लांब बाजू समोरच्या बाजूच्या तुलनेत स्वतःच्याच लांबीच्या दिशेने २० मिमी सरकली, तर दोन कर्णांत सुमारे ३२ मिमीचा फरक पडतो. म्हणजे चूक मोठी होऊन दिसते. पोलादी टेप वापरा आणि दर वेळी सारखाच ताण द्या. दोरीच्या खुंट्या खोदाईपासून इतक्या लांब ठोका की यंत्राचा धक्का लागणार नाही. पातळी पाहताना यंत्र शक्यतो मधोमध ठेवावे, म्हणजे दोन्हीकडचे अंतर सारखे राहून यंत्राचा स्वतःचा दोष कटतो.

घर हलके म्हणून पाया उथळ चालेल, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. फुगणाऱ्या चिकणमातीत हलक्या घराला उचलले जाण्याचा धोका उलट जास्त असतो, आणि वाऱ्याच्या ओढीला तोंड द्यायला वजनही कमी पडते. म्हणून खोली मातीवर ठरते आणि सांगाडा पायाला पट्ट्यांनी किंवा बोल्टांनी जखडावा लागतो. बोल्ट दारासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत किंवा खांबाच्या बरोबर खाली येणार नाहीत, हे सांगाड्याच्या नकाशावरून तपासा. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्यांचे स्लीव्ह (नळी आरपार नेण्यासाठीची नळकांडी) काँक्रीटपूर्वी बसवून त्यांची मापेही त्याच मूळ रेषेपासून घ्या.

मार्गदर्शक शोधताना मी एकच कसोटी लावेन : त्याने लाकडी सांगाडा जोत्यावर उतरताना स्वतः पाहिला आहे का, आणि टेपचे दुसरे टोक तो तुमच्या हातात देतो का. सगळे मीच पाहतो म्हणणारा कितीही अनुभवी असला, तरी त्याच्याकडून शिकायला काही मिळत नाही.

धीर सोडू नका. काँक्रीटची संकल्पित ताकद २८ दिवसांची धरतात, आणि या मधल्या काळाचा उपयोग होतो. जोत्याच्या चारही बाजू, दोन्ही कर्ण आणि खांबांच्या जागांवरच्या पातळ्या मोजून तक्ता बनवा आणि तो सांगाडा बनवणाऱ्याकडे कापणी सुरू होण्याआधी पोहोचवा. फरक सापडला, तर कागदावर तो सहज सुधारता येतो. तळपट्टी आणि भराव झाल्यानंतरची बाहेरची जमीन यांत किमान १५० मिमी अंतर हवे. अंगणाचा भराव सगळ्यांत शेवटी येतो आणि टाकणाऱ्याला हा आकडा माहीत नसतो, म्हणून जोत्याच्या बाहेरच्या बाजूला घरभर ती रेषा ठळक रंगाने ओढून ठेवा.