ड्रम किटचे थर जोडताना आवाजाची पातळी आधी जुळवा

हार्डवेअर सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेले आवाज, म्हणजे सॅम्पल, पॅडवर वाजवणारं यंत्र) एकाच स्नेअरचे (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) हलके, मध्यम आणि जोरदार फटके व्हेलॉसिटीनुसार, म्हणजे पॅडवर किती जोरात मारलं त्याच्या १ ते १२७ या आकड्यानुसार, थरांत लावले की किट जिवंत वाटायला लागतो. पण बहुतेकांचा किट थरांच्या सांध्यावर फसतो: व्हेलॉसिटी ८० ला एक आवाज आणि ८१ ला एकदम दचकवणारा दुसरा.

याचं कारण बहुधा दुहेरी हिशेब असतं. हलका फटका मुळातच हळू रेकॉर्ड झालेला, त्यात सॅम्पलरही कमी व्हेलॉसिटीला आवाज आणखी खाली खेचतो. म्हणून सगळे थर आधी साधारण सारख्या पातळीवर आणा आणि लहान-मोठं करायचं काम सॅम्पलरवर सोडा. मग थर बदलला तरी फक्त आवाजाचा पोत बदलतो. मात्र नुसतं नॉर्मलाइझ करून (प्रत्येक सॅम्पलचं सर्वात उंच टोक एकाच पातळीला आणून) भागत नाही. जोरदार फटक्याचं टोक क्षणभरच उंच जातं, त्यामुळे टोकं सारखी असूनही तो कानाला बारीक लागू शकतो. इथे मीटरपेक्षा कान खरा.

१ ते १२७ चे समान तुकडे करू नका. पॅडवर हात पडतो तो बहुधा वरच्या अर्ध्यात. मी १–५०, ५१–८०, ८१–११० आणि १११–१२७ असे चार थर स्नेअरला देतो. किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोन पुरतात, खरंच. मेमरी कमी असेल तर सॅम्पल मोनो (एकाच चॅनेलचे) ठेवा: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला सेकंदाला जेमतेम ८८ किलोबाइट लागतात.

प्रत्येक सॅम्पलच्या सुरुवातीची शांतता सारखीच छाटा, नाहीतर ताल थरागणिक मागेपुढे होतो. आणि हाय-हॅटचे (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) उघडे-बंद सगळे थर एकाच चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे एक वाजला की आधीचा थांबतो.