लाल भोपळ्याचं परागीकरण हाताने कसं करावं

वेलाला फुलं भरपूर, पण बारीक भोपळे पिवळे पडून गळतात? बहुतेक वेळा खत नव्हे, पराग कमी पडलेले असतात.

नर आणि मादी फुलं एकाच वेलावर, पण वेगवेगळी. लांब, बारीक देठावरचं ते नर. आत पुंकेसर, म्हणजे फुलाचे नर भाग, एकत्र जुळून एकच दांडा झालेला, वर परागकोशांवर पिवळी भुकटी, तेच पराग. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा गोळा असतो, तोच अंडाशय, त्याचाच पुढे भोपळा होतो. आत मधोमध पराग झेलणारी चिकट, जाडसर, तीन भागांची कुक्षी.

फुलं पहाटे उमलतात नि दुपारच्या आत मिटतात, म्हणून सकाळी नऊच्या आत काम उरका. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागकोश कुक्षीवर हलकेच फिरवा. तिन्ही भाग माखलेच पाहिजेत. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून नळी फुटून अंडाशयात उतरते, आणि एका परागकणाची नळी एकाच बीजांडाला, म्हणजे होणाऱ्या एकाच बीला, फलित करते. एका बाजूलाच बिया धरल्या तर भोपळा वाकडा वाढतो. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरलेली बरी.

पावसात भिजलेले पराग निकामी होतात, म्हणून उमलणाऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळीच पिशवीने झाका.

सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलंच येतात. घाबरून वेल उपटू नका.