घरच्या सशांची पैदास: आधी वही, मग जोडी

मी नाशिकला मखमलाबादकडे राहतो, घरामागे शेड आहे, त्यात 2 नर आणि 6 माद्या, बस्स एवढंच. हल्ली बरेच जण विचारतात की जोडी आणली, आता पुढं काय, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, जोडी एका पिंजऱ्यात ठेवू नका. मादी व्यायल्या दिवशीच परत गाभण राहू शकते, नर तिथंच असेल तर ती राहतेच, मग पोटात पिल्लं आणि अंगावर पिल्लं असं दोन्हीकडून खंगते बिचारी. प्रत्येक मोठ्या जनावराला वेगळा पिंजरा हवा. मादीला साधारण अडीच फूट बाय दोन फूट, उंची दीड-दोन फूट. तळाला वेल्डमेश जाळी बारीक घ्या, अर्धा बाय एक इंचाची, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि पाय अडकत नाही, पण जाळीवर एका कोपऱ्यात लाकडी फळी टाकाच, नाहीतर टाचेचे केस जाऊन जखमा होतात, आणि एकदा झाल्या की बऱ्या व्हायला फार वेळ लागतो. आणि शेतात दिसणारा रानससा पकडून आणायचा विचारही नको, त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि पाळीव सशाशी त्याची पैदास होतही नाही.

आता वही. माझ्याकडे शंभर पानी साधी वही आहे, प्रत्येक मादीला दोन पानं. लावल्याची (नर दाखवल्याची) तारीख, कोणता नर, विण्यासाठीची पेटी कधी ठेवली, किती झाली, किती जगली, आई-बाप कोण. हे लिहिलं नाही तर वर्षभरात भाऊ-बहीण एकमेकांना लागतात आणि पिल्लं कमजोर निघायला लागतात, तुम्हाला कळतही नाही कशामुळे.

मादी 5-6 महिन्यांची आणि अंगानं भरलेली झाल्याशिवाय लावू नका. लावताना मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायची, उलटं कधीच नाही, मादी आपल्या जागेत नराला चावते. सशाला गाई-म्हशीसारखा ठरलेल्या दिवसांचा माज नसतो, नर लागल्यावर मग बीजांड सुटतं, त्यामुळे मादी तयार असेल तर काम दोन-चार मिनिटांत होतं, नर किंचित ओरडून बाजूला पडतो, तेच चिन्ह. समोर उभं राहून बघा, मादी काढून घ्या, रात्रभर ठेवायची गरज नाही. दिवस भरायला 30 ते 32 लागतात. समजा 3 नोव्हेंबरला लावली, तर 15 नोव्हेंबरच्या सुमारास पोट चाचपून बघता येतं (हलक्या हातानं, आणि हे आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या), 30 नोव्हेंबरला पेटी ठेवायची, 3 ते 5 डिसेंबरला वितात. कधी कधी सतराव्या-अठराव्या दिवशीच मादी केस उपटायला लागते, ती बहुतेक गाभण नसते, खोटा गाभ असतो.

पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद, पुढची बाजू सहा इंचाची, आत गव्हाचं काड नाहीतर वाळलेली हराळी. कापूस, चिंध्या, सुतळी नको, पिल्लाच्या पायाला, गळ्याला गुंडाळतात. व्यायच्या आधी मादी तोंडात काड्या धरून इकडून तिकडे फिरते आणि पोटाचे केस उपटून अंथरते. पिल्लं उघडी, आंधळी, बोटाएवढी. सकाळी मी आधी हात धुऊन त्यावर तिच्याच पेटीतले केस चोळतो, मग केसांचा थर बाजूला करून बघतो. पोट गोल, चकचकीत, आतलं दूध पांढरं दिसतंय म्हणजे पाजलंय. कातडी सुरकुतलेली आणि पोट खपाटीला गेलं असेल तर उपाशी आहे. मादी दिवसातून एक-दोनदाच पाजते, तेही पाच मिनिटं, त्यामुळे "आई जवळ बसतच नाही" म्हणून घाबरू नका. पण एखादं पिल्लू आचळाला धरून पेटीबाहेर आलं तर ती मांजरीसारखी तोंडात धरून परत ठेवत नाही, ते तुम्हालाच उचलायचंय. निफाडकडच्या थंडीबद्दल आपण पेपरात वाचतोच, आपल्या शहरातही डिसेंबरच्या पहाटे जाळीवर पडलेलं पिल्लू तासाभरात गार पडतं. गार पडलेलं लगेच मेलं समजू नका, कपड्यात गुंडाळून तळहातात धरा, मला अशी बरीच परत हालचाल करताना दिसलीत, तो क्षण फार मोठा असतो. एका मादीला जास्त झाली आणि दुसरी त्याच दोन दिवसांत व्यायली असेल तर तिच्याकडे थोडी वाटून द्या, म्हणूनच मी दोन-तीन माद्या एकाच दिवशी लावतो. दहा-बारा दिवसांत डोळे उघडतात. आईपासून पाचव्या आठवड्यानंतर तोडतो, आठ आठवड्यांच्या आत कुणाला देत नाही, आणि तीन महिन्यांच्या आत नर-मादी वेगळे.

खायला मुख्य म्हणजे सुका चारा, तो दिवसभर समोर हवाच, पोट त्यावरच चालतं. हिरव्यात हराळी, हत्तीगवत, शेवग्याचा पाला, थोडा लसूणघास (ल्यूसर्न, त्यात लसूण नसतो), वर मोठ्या जनावराला मूठ-दोन मूठ पेलेट (गोळीखाद्य). पाजणाऱ्या मादीला जास्त, आणि पाणी तर दिवसाला लिटरपर्यंत लागू शकतं, पाणी कमी पडलं तर मादी पिल्लंही खाते. आपल्याकडे दोन धोके घराघरात आहेत. एक कांद्याची पात, ती चालत नाही, कांदा-लसूण सशाला विषारी. दुसरा द्राक्षाचा पाला, पाला तसा चालतो पण बागेत फवारणी किती होते ते आपल्याला माहीतच आहे, म्हणून ओळखीच्या बागेतलाही मी आणत नाही. मार्केट यार्डातून फ्लॉवर-कोबीचा पाला फुकट मिळतो म्हणून ढीग टाकू नका, पोट फुगतं. ओला, सडका, बुरशी लागलेला चारा पण नको, पावसाळ्यात पिल्लं जातात ती बहुतेक हगवणीनं, कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीमुळे, त्यामुळे जाळी कोरडी आणि लेंड्या रोज साफ.

उन्हाळा सगळ्यात अवघड. माझा पहिला शेड पश्चिमेला तोंड करून पत्र्याचा होता, मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास दोन गाभण माद्या गेल्या, एक तर माझ्या हातातच. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो, तापमान 30 च्या वर गेलं की त्रास सुरू. आता पत्र्यावर काड, भोवती ओलं गोणपाट, दुपारी पिंजऱ्यात कपड्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली. धापा टाकत असेल तर कान ओल्या कपड्यानं पुसा, गार पाण्यात बुडवू नका. मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत मी मादी लावतच नाही, उन्हानं नराचं बीजही कमजोर होतं आणि नंतर दीड-दोन महिने तो रिकामाच जातो, लोक मादीला दोष देतात.

औषधाचं घरी ठरवू नका. अमॉक्सिसिलिनसारखं माणसाचं अँटिबायोटिक तोंडातून दिलं तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. कानात तपकिरी खपल्या दिसल्या की खरूज, बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या की इमर्जन्सी, सकाळची वाट बघू नका.

आणि विक्री. मादी लावायच्या आधीच फोन करून ठेवा, पिल्लं कुणाकडे जाणार. एका विताला सहा-आठ झाली आणि घेणारा कुणी नाही तर तीन महिन्यांनी तेवढेच पिंजरे तुम्हाला लागणार. "तुम्ही वाढवा, सगळा माल आम्ही घेतो" म्हणणारे भेटतात, माझ्या ओळखीच्या एकाचे असेच पैसे अडकले, ससे शेडमध्येच आणि फोन बंद. माझ्या वहीत शेवटच्या पानावर घेणाऱ्यांची नावं असतात, ते पान कोरं असेल त्या महिन्यात मी नराचा पिंजरा उघडत नाही.