आयटीआयची वार्षिक परीक्षा: आधी डायरीवर सही घ्या

आयटीआयत जोडारीच्या (फिटर) पहिल्या वर्षाला माझे सगळे जॉब, म्हणजे कार्यशाळेत करायचे धातूचे तुकडे, वेळेत झाले होते. डायरीत तारखा होत्या, आकृत्या होत्या, मापं होती. फक्त अकरा जॉबांखाली निदेशकांची, म्हणजे शिकवणाऱ्या सरांची, सही नव्हती. "शनिवारी एकदम घेऊ" म्हणत राहिले आणि मार्चमध्ये सरांची बदली झाली. नवे सर म्हणाले, "जे मी पाहिलंच नाही, त्याचे गुण कशाच्या आधारावर देऊ?" त्यांचं बरोबर होतं. ते अकरा जॉब मी परीक्षेच्या तोंडावर पुन्हा केले. बाकीची बॅच फिटिंगचा सराव करत होती तेव्हा मी जुनेच तुकडे घासत होते, आणि प्रात्यक्षिकात ६० टक्क्यांच्या खाली राहिले. पुन्हा बसावं लागलं. यंदा माझी मावसबहीण त्याच व्यवसायात आहे. तिच्यासाठी हे लिहायला घेतलं, तुम्हीही वाचा.

पहिलं काम आजच करा. डायरी आणि जॉब रेकॉर्ड उघडा, पहिल्या पानापासून बघत या आणि सही नसलेल्या प्रत्येक पानाला खूण करा. उद्या सकाळी हजेरी झाली की तेवढी पानं घेऊन निदेशकांकडे जा. शक्य असेल तर तो जॉबही सोबत न्या, म्हणजे त्यांना मापून बघता येईल. इथून पुढे जॉब मोजून झाला की त्याच दिवशी सही. शनिवारी नाही, त्याच दिवशी.

एवढा आग्रह का, ते सांगते. पास व्हायला लेखी विषयांत ३३ टक्के लागतात, पण प्रात्यक्षिकात ६० आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनातही ६० लागतात. पोरं लेखीच्या मागे धावतात आणि अंतर्गत गुण "सर देतातच" असं समजतात. सर पुराव्यावर देतात. कार्यशाळेत केलेले जॉब, रेकॉर्ड बुक किंवा रोजची डायरी, चाचण्यांच्या उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षा, प्रगती तक्ता, हजेरी, असाइनमेंट, प्रकल्प हे सगळं पुरावा म्हणून धरलं जातं आणि पुढे तपासणीसाठी जपून ठेवावं लागतं. गुणांचे तीन टप्पे आहेत: ६० ते ७५, ७५ ते ९० आणि ९०च्या वर. तुम्ही सुरक्षितपणे काम करता का, बाक स्वच्छ ठेवता का, माल वाया घालवता का, अवजारं कशी हाताळता, किती वेळात जॉब करता, हे सगळं त्यात मोजलं जातं. सही नसलेलं पान यातलं काहीच सिद्ध करत नाही.

हजेरी ८० टक्के हवी. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर महिन्याला स्वतःचा हिशोब करा. आजारी पडलात तर डॉक्टरचा कागद लगेच द्या.

पोर्टलवरच्या प्रोफाइलमधलं नाव, जन्मतारीख आणि फोटो दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. चूक असेल तर हॉल तिकीट येण्याआधीच कार्यालयात सांगा.

लेखी परीक्षा संगणकावर असते, प्रश्न बहुपर्यायी. व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.०२ मिमी का येतो, एम १० च्या टॅपला (१० मिमीचे आटे पाडायचं अवजार) ८.५ मिमीचं ड्रिल का लागतं, सेंटर पंचाचा कोन ९० अंश आणि डॉट पंचाचा ६० का, असले प्रश्न समजून करा. नुसते पाठ केले तर तोंडी परीक्षेत पुढच्याच प्रश्नाला अडकाल. माऊस हातात धरायची सवय नसेल तर संगणक लॅबमध्ये दोन-तीनदा सराव करून घ्या. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचं पुस्तक आदल्या रात्री पहिल्यांदा उघडू नका.

आता प्रात्यक्षिक. इथे घाई करणारे बुडतात. ड्रॉइंग मिळालं की आधी दहा मिनिटं नुसतं वाचा. आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपण असतं (वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात), त्यामुळे कुठलं दृश्य कुठे आहे हे आधी ठरवा. मग मटेरियल मापा. कमी भरत असेल तर कानस लावण्याआधी सांगा, नंतर कोणी ऐकणार नाही. दोन संदर्भ बाजू काटकोनात आल्याशिवाय मार्किंगला हात लावू नका. गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावून तुकडा उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसला तर अजून घासा. या दोन बाजू चुकल्या की पुढचं प्रत्येक माप चुकतं. सराव न झाल्यामुळे माझं नेमकं तिथेच बिनसलं.

मेल-फिमेल जोड (एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसतो तो) असेल तर आतल्या कोपऱ्यांची रिलीफ होलं, म्हणजे कोपरा मोकळा ठेवणारी बारीक भोकं, कापण्याआधी पाडा. मेल तुकडा आधी मापात पूर्ण करा आणि फिमेल त्याला बसवत न्या. दोन्हीकडून थोडं थोडं घासत बसलात तर शेवटी जोड ढिला होतो आणि मग काही उपाय उरत नाही. कुठे अडतंय ते निळा रंग लावून बघा, अंदाजाने घासू नका. कानशीच्या दातांत कीस अडकला की पृष्ठभागावर ओरखडे उठतात, म्हणून ब्रश जवळ ठेवा. जॉबवर आपला बैठक क्रमांक पंच करा, जिथे सांगितलाय तिथेच. शेवटची पंधरा मिनिटं बर (कडांवर राहिलेली धारदार कूस) काढायला ठेवा.

सोबत काय न्यायचं: हॉल तिकीट, ओळखपत्र, गणवेश, सेफ्टी शूज, गॉगल, स्वतःची स्टील पट्टी आणि स्क्रायबर. केस बांधलेले, हातात बांगड्या-अंगठी नको. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नका, ते फिरत्या ड्रिलमध्ये ओढले जातात.

परीक्षेच्या आठवड्याआधी डायरी पुन्हा एकदा काढा. सही, तारीख, मिळालेले गुण, तिन्ही गोष्टी प्रत्येक जॉबखाली आहेत का बघा. कंटाळा आला तरी शेवटच्या पानापर्यंत जा. माझ्या अकरापैकी चार पानं अशी होती की सही आहे असं मी धरून चालले होते.

तोंडी परीक्षेत आपलाच जॉब दाखवून विचारतात. कुठे चुकलं ते विचारलं तर खरं सांगा.

निकाल लागला की गुणपत्रिकेवरचं नाव तपासा, दुसऱ्या वर्षाला नाव लावा किंवा अ‍ॅप्रेंटिसशिपचा अर्ज भरा. आणि डायरी रद्दीत घालू नका. एखाद्या विषयात पुन्हा बसायची वेळ आली तर त्या सह्या परत लागू शकतात.